एमबीएसाठी अमेरिका की युरोप? वाहन उद्योगातून कन्सल्टिंगकडे वळायचंय

वाघोलीकर

नमस्कार मंडळी. २०२७ च्या प्रवेशासाठी यंदा अर्ज करायचे आहेत आणि बिझनेस स्कूलांची यादी दोन गटांत अडकली आहे. अमेरिकेत रॉस, टक, डार्डन, केलॉग. युरोपात इन्सिआड, एचईसी पॅरिस, लंडन बिझनेस स्कूल.

माहिती थोडक्यात: पुणे विद्यापीठ, मेकॅनिकल, ६४ टक्के. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सप्लायर क्वालिटी, पाच वर्षं, पगार १८ लाख. जीमॅट (एमबीएची प्रवेशपरीक्षा) ६७५. बायको आयटीत, ती सोबत येणार. जायचंय कन्सल्टिंगमध्ये, ऑपरेशन्सच्या बाजूने. मराठी, हिंदी, इंग्रजी सोडून दुसरी भाषा येत नाही.

जो भेटतो तो एक तर "युरोप स्वस्त, वर्षात मोकळा" म्हणतो, नाहीतर "अमेरिकेचं आता काही खरं नाही" म्हणतो. यात तथ्य किती? आणि कर्ज काढून जाणाऱ्याने नेमकं काय तपासून बघावं?

घाटमाथा

पहिली नोकरी कुठल्या शहरातल्या ऑफिसात हवी, कामाचं स्वरूप काय, आणि ती नाही मिळाली तर हप्ता कुठून भरणार? या तीन गोष्टी आधी कागदावर लिहा. देश आपोआप गळत जातात.

तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा इंटर्नशिपचा आहे. तुम्ही उद्योग बदलताय आणि कामही बदलताय. अमेरिकेतला दोन वर्षांचा अभ्यासक्रम अशाच लोकांसाठी बेतलेला असतो: ऑगस्टमध्ये सुरू, पुढच्या उन्हाळ्यात दहा-बारा आठवड्यांची इंटर्नशिप, आणि काम पसंत पडलं तर दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधीच पक्क्या नोकरीचं पत्र हातात. कंपनी सप्लायर क्वालिटीवाल्याला थेट कायमचं घ्यायला कचरते, पण तीन महिने पारखून बघायला तयार होते.

यातला सापळा असा की कन्सल्टिंगच्या इंटर्नशिपची गडबड शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच चालू होते. कंपन्यांची सत्रं, कॉफीच्या भेटी, अर्ज आणि मग साधारण हिवाळी सुट्टीच्या आगेमागे मुलाखती. "आधी अभ्यासात रुळू, मग बघू" म्हणणाऱ्याचा पहिला हंगाम हातचा जातो. केस (मुलाखतीत सोडवायला देतात तो एखाद्या कंपनीचा प्रश्न) सोडवायचा सराव विमानात बसायच्या आधी सुरू झालेला हवा. निदान तीसेक केसेस जोडीदारासोबत मोठ्याने बोलून सोडवलेल्या असाव्यात, नुसत्या वाचून काही होत नाही.

इन्सिआड दहा महिन्यांचं. दोन-दोन महिन्यांचे पाच टप्पे, श्वास घ्यायला फुरसत नाही. तिथे वर्षाला दोन तुकड्या असतात. जानेवारीच्या तुकडीला मध्ये उन्हाळ्याची सुट्टी मिळते, त्यात छोटी इंटर्नशिप बसते. ऑगस्टच्या तुकडीला ती संधी नाही. एचईसी सोळा महिन्यांचं, त्यामुळे तिथे दुसऱ्या टप्प्यात इंटर्नशिप किंवा प्रोजेक्टला जागा होते. एलबीएसमध्ये (लंडन बिझनेस स्कूल) १५, १८ किंवा २१ महिन्यांत बाहेर पडायची सोय आहे. २१ महिन्यांवाला जवळजवळ अमेरिकेसारखाच कार्यक्रम झाला. तेव्हा "युरोप म्हणजे एक वर्ष" हे सरसकट खरं नाही. तसंच "अमेरिका म्हणजे दोन वर्षं" हेही नाही: केलॉग आणि कॉर्नेलमध्ये एक वर्षाचा पर्याय आहे, कोलंबियात जानेवारीची सोळा महिन्यांची तुकडी आहे. पण या छोट्या पर्यायांत उन्हाळी इंटर्नशिप नाही आणि केलॉगच्या एकवर्षीयला व्यवस्थापनाचे काही मूलभूत विषय आधी झालेले लागतात. क्षेत्र बदलणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

रॉस तुमच्या यादीत का आहे ते कळतंय, गाड्यांच्या कंपन्यांचं शहर डेट्रॉइट जवळ म्हणून. रॉसचं खरं बळ वेगळं आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटी सात आठवडे सगळे विद्यार्थी कंपन्यांच्या प्रत्यक्ष प्रोजेक्टवर जातात, म्हणजे इंटर्नशिपच्या आधीच बायोडेटावर एक कन्सल्टिंगसारखं काम येतं. शिवाय इंजिनिअरिंग कॉलेजसोबत चालणारी टाउबर संस्था ऑपरेशन्सवाल्यांसाठीच आहे. आणि कारखान्यातून येणारा माणूस एमआयटीच्या एलजीओ कार्यक्रमाचा विचारच कसा करत नाही? दोन वर्षांत एमबीए आणि इंजिनिअरिंगची मास्टर्स अशा दोन पदव्या, भागीदार कंपनीत सहा महिन्यांचं काम, आणि फीचा मोठा हिस्सा फेलोशिपमधून. जागा कमी, पण तुमची पार्श्वभूमी तिथे ओझं नसून भांडवल आहे.

नकाशेवाला

घाटमाथा यांनी इंटर्नशिपचं सांगितलं, मी भाषेचं सांगतो, कारण युरोपात लोक इथेच आपटतात.

शाळा इंग्रजीत शिकवते. ऑफिस इंग्रजीत चालतंच असं नाही. पॅरिसमधल्या कन्सल्टिंग ऑफिसला फ्रेंच हवं, म्युनिक किंवा फ्रँकफर्टला जर्मन, माद्रिदला स्पॅनिश. कारण ग्राहक कारखान्याचा मॅनेजर असतो आणि त्याच्या शॉपफ्लोअरवर इंग्रजी चालत नाही. ऑपरेशन्स कन्सल्टिंगमध्ये तर हे दुप्पट लागू. बोर्डरूममध्ये इंग्रजीवर वेळ मारून नेता येते, पण असेंब्ली लाइनच्या फोरमनशी बोलायला त्याचीच भाषा लागते. आणि "थोडंफार येतं" याला किंमत नाही. बी२ पातळीच्या (युरोपीय भाषापट्टीवर ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या, बी२ चौथी) खाली कोणी विचारत नाही, जर्मनीत सी१ मागतात. शून्यातून बी२ ला नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं लागतात. दहा महिन्यांच्या इन्सिआडमध्ये ते होणार नाही.

म्हणून इंग्रजीवाल्या भारतीयासाठी "युरोपातली शाळा" म्हणजे प्रत्यक्षात लंडन, दुबई, रियाध, सिंगापूर आणि भारत ही बाजारपेठ. इन्सिआडचं मुख्य संकुल पॅरिसबाहेर फाँतेनब्लोला, दुसरं सिंगापूरला, तिसरा तळ अबू धाबीला, त्यामुळे आखातातल्या आणि आग्नेय आशियातल्या कंपन्या तिथून नियमित माणसं घेतात. आखातात प्राप्तिकर नाही, हे कर्ज असलेल्या माणसाने विसरू नये. सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पाससाठी (कामाचा परवाना) किमान पगार महिन्याला ५,६०० सिंगापूर डॉलर आहे आणि वयाप्रमाणे अट चढत जाते. एमबीएवाल्याला ती जड नाही, पण त्यावर गुणांची कंपास पद्धत आहे, तिच्यात कंपनीत एकाच देशाचे लोक किती तेही मोजतात.

ॲमस्टरडॅम त्यातल्या त्यात मवाळ. तिथे उद्योगातल्या नोकऱ्या इंग्रजीत मिळतात, सप्लाय चेनच्या तर बऱ्याच. तुमच्या यादीत रॉटरडॅमचं आरएसएम नाही याचं आश्चर्य वाटतं. बारा महिने, फी इन्सिआडपेक्षा बरीच कमी, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना, जो पदवीनंतर तीन वर्षांच्या आत कधीही मागता येतो.

कागदी वाघ

व्हिसाबद्दल लिहितो. नियम वर्षावर्षाला बदलत आहेत, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पुन्हा उघडून बघावे.

अमेरिका. पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) १२ महिने काम करता येते. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) गटात नोंदलेला असेल तर आणखी २४, म्हणजे एकूण ३६. येथे गोम अशी की काही शाळांचा पूर्ण एमबीए स्टेममध्ये असतो आणि काहींचा फक्त विशिष्ट मेजर (मुख्य विषय) घेतल्यास. प्रवेशाआधी शाळेला एकच प्रश्न विचारावा: माझ्या आय-२० वर (व्हिसासाठी शाळा देते तो दाखला) कोणता सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक) छापला जाईल? ५२.१३०१, म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, असेल तर स्टेम. नुसते "आमचे विद्यार्थी स्टेम घेऊ शकतात" हे उत्तर पुरेसे धरू नये.

ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. उशीर केल्यास कार्ड वेळेत येत नाही आणि रुजू होण्याची तारीख हुकते. ओपीटीच्या पहिल्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. स्टेम वाढीसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली हवी.

एच-१बी (कंपनीने मागायचा कामाचा व्हिसा): वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००. पूर्वी सरळ सोडत होती, आता पगाराच्या पातळीप्रमाणे वजन मिळते. पहिल्या पातळीच्या माणसाची पेटीत एक चिठ्ठी, चौथ्या पातळीच्या माणसाच्या चार. एमबीएनंतरचे पगार वरच्या पातळ्यांत बसण्याची शक्यता जास्त, त्यामुळे या बदलाने तुमचे नुकसान होण्यापेक्षा फायदा होण्याची शक्यता अधिक. ३६ महिने हाताशी असतील तर साधारण तीन मार्च महिने (सोडतीची नोंदणी मार्चमध्ये असते), म्हणजे तीन वेळा चिठ्ठी टाकता येते.

एच-१बीवर सप्टेंबर २०२५ मध्ये लावलेल्या एक लाख डॉलरच्या शुल्काबद्दल फार घबराट आहे. ते देशाबाहेरील माणसासाठी केलेल्या नव्या अर्जांना लागते. अमेरिकेतच राहून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून एच-१बीमध्ये दर्जा बदलणाऱ्याला लागत नाही, असा खुलासा अमेरिकी नागरिकत्व खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये केला. पण दर्जा बदलाचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर तो अर्ज सोडून दिल्याचे धरतात आणि मग मामला देशाबाहेरच्या गटात जाऊन ते शुल्क अंगावर येऊ शकते. त्या काळात भारतात लग्नकार्याला येणे म्हणजे फार महाग आहेर.

ग्रीन कार्डच्या भरवशावर कोणतेही गणित मांडू नये. जन्मदेशाप्रमाणे सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे.

ब्रिटन. ग्रॅज्युएट रूट (पदवीनंतर राहून काम करण्याचा व्हिसा) आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. म्हणजे तुम्हाला १८ च. त्यानंतर स्किल्ड वर्कर हा कामाचा व्हिसा, त्याची सर्वसाधारण पगार-अट ४१,७०० पौंड. एलबीएसवाल्याला ही अडचण नाही, स्पॉन्सर करणारी कंपनी मिळणे ही आहे. कायम वास्तव्याची मुदत पाच वर्षांवरून दहाकडे नेण्याचा प्रस्तावही तेथील सरकारने मांडलेला आहे.

फ्रान्स. मास्टर दर्जाची पदवी घेतलेल्या भारतीयांना नोकरी शोधण्यासाठी एकूण २४ महिने मिळतात, इतर देशांच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त. २०१८ मध्ये झालेल्या भारत–फ्रान्स स्थलांतर कराराचा हा लाभ. मात्र पदवी त्या मान्यताप्राप्त यादीत आहे ना, हे शाळेकडून लेखी घ्यावे, कारण "एमबीए" या नावाला फ्रेंच कायद्यात आपोआप मास्टरचा दर्जा नसतो.

जर्मनी. शोधासाठी १८ महिने, मग ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना). २०२६ ची सर्वसाधारण पगार-अट ५०,७०० युरो. ब्लू कार्डवर २७ महिन्यांत कायम वास्तव्य, भाषा बी१ असेल तर २१ महिन्यांत. लांबचा विचार करणाऱ्यासाठी हा आकडा अमेरिकेच्या रांगेशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. स्वित्झर्लंडमध्ये पदवीनंतर शोधाला अवघे सहा महिने आणि युरोपबाहेरच्यांसाठी कोटा. लोझानचे आयएमडी कितीही आवडले तरी हे आधी पाहावे.

वाघोलीकर

आभार. दोन शंका राहिल्या. बायकोला तिथे काम करता येईल का? आणि कर्जाला तारण म्हणून पिंपरीचा फ्लॅट आहे, शिवाय साताऱ्याकडे चार एकर बागायत. दोन्ही मिळून भागेल असं वाटतं.

कागदी वाघ

पत्नीविषयी. अमेरिकेत एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) नोकरीला पूर्ण बंदी, घरून भारतातल्या कंपनीचे काम करणेही धोक्याचे. ब्रिटनमध्ये त्याहून कडक: १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या शिकवणीच्या अभ्यासक्रमांना, एमबीएसह, जोडीदार आश्रित व्हिसावर आणताच येत नाही. एलबीएसचे २१ महिने म्हणजे २१ महिने वेगळे राहणे, किंवा पत्नीने स्वतःच्या नोकरीवर स्वतंत्र व्हिसा मिळवणे. यादी करताना हे कोणी सांगत नाही आणि पैसे भरल्यावर कळते. जर्मनीत जोडीदाराला काम करता येते. फ्रान्समध्ये शिकत असताना नाही, पण पुढे तुम्हाला टॅलेंट प्रकारचा परवाना मिळाला की कुटुंबाला कामाचा हक्क मिळतो.

आयटीतल्या पत्नीचा पगार दोन वर्षे थांबणार असेल तर तो खर्चातच धरावा.

हप्तेबंद

तारणाचं आधी. शेती बाजूला ठेवा. सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, बँकेला ती सहज जप्त करून विकता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला सातबारा दाखवून काही उपयोग होत नाही. एनए झालेला प्लॉट चालतो. गावठाणातल्या घराला बँका नाकं मुरडतात, कारण कागदपत्रांची साखळी तुटलेली असते. फ्लॅटला सूची क्रमांक दोन, भोगवटापत्र, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि शेअर सर्टिफिकेट हे चार कागद आत्ताच गोळा करा. कर्जमंजुरी रखडते ती बहुतेक भोगवटापत्राअभावी. बँकेचा मूल्यांकनकार बाजारभाव धरत नाही, तो अडीअडचणीत विकली तर काय येईल तो आकडा धरतो, त्यामुळे ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० लाख मिळतील या भ्रमात राहू नका. गहाणखताचा मुद्रांक आणि नोंदणीही तुमच्याच खिशातून.

विनातारण परदेशी कर्ज देणारे आहेत, प्रॉडिजी, एम्पॉवर वगैरे. ते तुमच्या पुढच्या पगाराकडे बघतात, सहकर्जदार मागत नाहीत. पण कर्ज परकी चलनात असतं. तिकडेच कमावलंत तर उत्तम, भारतात परत आलात तर रुपया घसरेल तसा हप्ता वाढणार. शिवाय भारतीय बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जी आयकर वजावट मिळते (जुन्या कायद्यातलं ८०ई, तेही जुनी करप्रणाली घेतली तरच), ती अशा परदेशी संस्थांच्या कर्जाला मिळत नाही.

आता "युरोप स्वस्त" या वाक्याची आकडेमोड करू. डॉलर ९० आणि युरो १०५ रुपये धरतो.

अमेरिका: फी वर्षाला ८० हजार डॉलर, राहणं-विमा-पुस्तकं ४० हजार. दोन वर्षांचे २ लाख ४० हजार, म्हणजे २ कोटी १६ लाख. ऐकून घाम फुटतो. पण अमेरिकी शाळांकडे देणग्यांचा निधी मोठा असतो आणि रॉस, डार्डन, टक यांच्यासारख्या शाळा गुणवत्तेवर परदेशी विद्यार्थ्यांनाही सवलत देतात. अर्धी फी माफ झाली तर १ कोटी ४४ लाख. उन्हाळ्यात कन्सल्टिंगची इंटर्नशिप मिळाली तर कर जाऊन पंचवीसेक लाख हाताशी येतात. एफ-१ वाल्याच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापायचे नसतात, पगार विभागाने चुकून कापले तर मागून घ्या. म्हणजे निव्वळ खर्च १ कोटी २० लाखांच्या आसपास.

इन्सिआड: फी एक लाख युरोच्या वर, राहणं धरून १ लाख ४० हजार युरो, म्हणजे १ कोटी ४७ लाख. तिथल्या शिष्यवृत्त्या बहुतेक दहा-वीस हजार युरोच्या, आणि त्यांना वेगळे निबंध लिहावे लागतात.

एचईसी: फी साधारण एक लाख युरो, सोळा महिन्यांचा खर्च धरून १ कोटी ३५ लाखांच्या घरात.

बुडालेला पगार: अमेरिकेत दोन वर्षांचे ३६ लाख, इन्सिआडला नोकरी शोधण्याचे महिने धरून १८ ते २०. हे मिळवा. आता दोन्ही जवळजवळ बरोबरीत आले. म्हणजे सवलत नसलेली अमेरिका महाग, अर्ध्या सवलतीची अमेरिका आणि पूर्ण फीचं इन्सिआड सारखंच. सवलतीचं पत्र हातात येईपर्यंत "स्वस्त" हा शब्द वापरू नका. आणि दोन अमेरिकी शाळांची पत्रं असतील तर एकीचं दाखवून दुसरीकडे वाढवून मागता येतं, नम्र मेल करावा, तिथे तो अपमान समजत नाहीत. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डला हा खेळ चालत नाही, ते फक्त आर्थिक गरज बघतात.

खरी परीक्षा परतफेडीची. समजा १ कोटी २० लाख कर्ज, १०.५ टक्के, दोन वर्षांत निम्मं-निम्मं उचललं, आणि शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ता सुरू. मधल्या काळात व्याज भरलं नाही तर सुमारे २५ लाख चढतं, मुद्दल १ कोटी ४५ लाख होतं. दहा वर्षांचा हप्ता महिना १ लाख ९५ हजार.

अमेरिकेत वरच्या शाळांतून निघणाऱ्यांचा मध्यम पगार पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास असतो. २,२०० डॉलरचा हप्ता त्यातून जाणवतही नाही. पॅरिस किंवा म्युनिकला एक लाख युरोवर कर आणि विमा जाऊन महिना पाच हजारांच्या आसपास उरतात, त्यातून तेवढाच हप्ता आणि भाडं जातं, तंगी आहे पण निभतं. आणि व्हिसा न मिळून पुण्या-मुंबईत ४० लाखांवर परत आलात तर हातात महिना अडीच लाखांच्या आसपास, त्यातले १ लाख ९५ हजार बँकेचे. हा तिसरा आकडा बायकोसमोर आणि सहकर्जदार वडिलांसमोर मांडा. त्यांना झोप लागत असेल तर पुढे जा.

पैसे पाठवताना: १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर तर अजिबात नाही. स्वतःच्या बचतीतून वरची रक्कम पाठवली तर टीसीएस कापतात, तो विवरणपत्रात वळता होतो, पण मधे पैसा अडकतो. म्हणून फी कर्जातून आणि घरखर्च बचतीतून, अशी विभागणी करा. मंजुरी घेताना फीपेक्षा दहा टक्के जास्त मागा. मंजुरी रुपयांत असते, फी युरोत, आणि मधल्या वर्षभरात रुपया घसरला की शेवटच्या हप्त्याला पाच-सात लाख कमी पडतात. ऐन मधे पुरवणी कर्ज मिळणं कटकटीचं.

मुंबईतले दोन जुने दरवाजेही ठोठवा: जे. एन. टाटा एन्डोमेंट (१८९२ पासून) आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट. दोन्ही कर्जाऊ शिष्यवृत्त्या, रक्कम एकूण खर्चाच्या मानाने लहान, पण महागड्या कर्जाच्या वरच्या थराला तेवढाच उतारा.

उलटतपासणी

वरच्या प्रतिसादांत अमेरिकेचं पारडं जरा जास्तच जड झालंय, म्हणून दुसरी बाजू.

पावणेदोन लाख डॉलर हा नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार. न लागलेले त्यात नसतात. २०२४ च्या बॅचमध्ये हार्वर्डच्या नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के लोक तीन महिन्यांनंतरही शोधातच होते. हार्वर्डची ही कथा, तर पंधराव्या-विसाव्या क्रमांकाच्या शाळेतल्या स्पॉन्सर लागणाऱ्या विद्यार्थ्याची काय असेल? रोजगार अहवाल वाचताना तीन जागी बोट ठेवा. टक्केवारी कशाची: सगळ्यांची, शोधणाऱ्यांची की माहिती देणाऱ्यांची? परदेशी विद्यार्थ्यांची ओळ वेगळी दिली आहे का, आणि त्यात ग्रीन कार्डवाले मिसळलेत का? कंपनीने आधीच पाठवलेले, परत तिथेच जाणारे लोक किती? युरोपच्या अहवालांत "युरोप" या रकान्यात लंडन आणि पॅरिस एकत्र असतात, तेही सोडवून मागा.

दुसरं, डेट्रॉइटच्या गाडी कंपन्या आणि तुमचा अनुभव जुळतो म्हणून तिकडे आशा ठेवू नका. उत्पादन क्षेत्रातल्या अनेक नेतृत्व कार्यक्रमांच्या जाहिरातीतच स्पॉन्सर करणार नाही असं लिहिलेलं असतं, आणि विमान-संरक्षण क्षेत्र तर निर्यात-नियंत्रण कायद्यामुळे परदेशी माणसाला बंदच. भरवशाने स्पॉन्सर करतात त्या मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या, बँका आणि तंत्रज्ञानवाले. मोठ्या कन्सल्टिंग कंपनीचा आणखी एक फायदा: चिठ्ठी निघाली नाही तर टोरांटो, लंडन किंवा दुबईच्या ऑफिसात बसवून ठेवतात. छोट्या कंपनीकडे ती सोयच नसते.

तिसरं, वय. अमेरिकेत वर्गाचं सरासरी वय २७-२८, इन्सिआडला २९, आयएमडीला तीसच्या पुढे. पाच वर्षांच्या अनुभवावर तुम्ही दोन्हीकडे बसता. आठ वर्षं झालेल्याने मात्र युरोपच बघावा.

क्रमवारीवर कोणीच बोललं नाही ते बरं झालं. तरी एक: फायनान्शियल टाइम्स पगार क्रयशक्तीप्रमाणे फुगवून मोजतो, त्यामुळे भारतात परतणाऱ्यांचे पगार तिथे भलतेच मोठे दिसतात. यूएस न्यूज फक्त अमेरिकी शाळा मोजतं. या दोन याद्या शेजारी ठेवून "कोण वर" हे ठरवणं म्हणजे कांद्याची आणि द्राक्षाची प्रतवारी एकाच चाळणीने करणं.

घाटमाथा

उलटतपासणी यांच्या दुसऱ्या मुद्द्याला अनुमोदन. म्हणूनच रॉसला जायचं ते डेट्रॉइटसाठी नव्हे, शिकागोतल्या कन्सल्टिंग ऑफिसांसाठी. मध्य-पश्चिमेत कारखाने आहेत, ऑपरेशन्सचं काम तिथेच आहे आणि त्या ऑफिसांत चाकणचा अनुभव विकला जातो.

पण न लागणाऱ्यांबद्दल एक दुरुस्ती. एक वर्षाच्या शाळेत हंगाम वाईट निघाला तर दुसरा हंगाम मिळत नाही. दोन वर्षांच्या शाळेत इंटर्नशिप हुकली तरी दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत पुन्हा मैदानात उतरता येतं.

वाघोलीकर

यादी बदलतोय. एलबीएस बायकोच्या व्हिसामुळे बाद. अमेरिकेत रॉस, टक, डार्डन आणि एलजीओ. युरोपात इन्सिआड जानेवारी आणि आरएसएम. आता अर्जांचा क्रम कसा लावू? ६४ टक्क्यांचं काय करू?

कागदी वाघ

६४ टक्के जसे आहेत तसे लिहावेत. २५ ने भागून चारच्या मोजपट्टीवर आणू नयेत. बहुतेक शाळा मूळ गुणपद्धतच मागतात आणि पुणे विद्यापीठातील प्रथम श्रेणी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असते. स्वतःच केलेले रूपांतर पडताळणीत अडकते. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात आत्ताच अर्ज करावा, सीलबंद पाकिटांचे तीन-चार संच घ्यावेत. प्रवेश मिळाल्यावर धावपळ केल्यास पडताळणीची मुदत चुकते.

जीमॅटचे ६७५ जुन्या मोजपट्टीवर साधारण ७३० च्या जवळ येतात. पुन्हा देण्याची गरज नाही, फक्त क्वांटची (गणिताच्या भागाची) टक्केवारी पाहावी. इंजिनिअरचे क्वांट कमी असेल तर ते खुपते. गुण पाच वर्षे चालतात.

क्रम असा: अमेरिकेची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुरुवातीला, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला. सवलतीचे पैसे पहिल्या फेरीत जास्त शिल्लक असतात, म्हणून रॉस आणि डार्डन पहिल्या फेरीत. तिसऱ्या फेरीत भारतीय अर्जदाराने पडू नये, जागा आणि पैसा दोन्ही संपलेले असतात, आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही मिळत नाही. एलजीओची मुदत एमआयटीच्या मुख्य एमबीएपेक्षा वेगळी असते, ती स्वतंत्र पाहावी. शिफारसपत्रे देणाऱ्या साहेबांना जुलैतच सांगावे. एक सध्याचा वरिष्ठ आणि एक पुरवठादार किंवा ग्राहकाच्या बाजूचा असल्यास उत्तम. "मेहनती आहे" असे लिहिलेल्या पत्राचा उपयोग नसतो. "याने रिजेक्शन इतक्यावरून इतक्यावर आणले आणि त्यासाठी दोन विभागांची भांडणे मिटवली" असे लिहून मिळावे.

वाघोलीकर

इन्सिआड जानेवारी २०२७ धरला तर अमेरिकेचे निकाल यायच्या आधीच पैसे भरावे लागतील ना?

कागदी वाघ

होय. जानेवारी २०२७ ची तुकडी अमेरिकेच्या ऑगस्ट २०२७ शी जुळत नाही. इन्सिआडचा निकाल आधी येईल, जागा राखण्याची रक्कम परत मिळत नाही, आणि अमेरिकेची पहिल्या फेरीची पत्रे डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे तुम्ही फाँतेनब्लोला घर शोधत असताना येतील. दोन्ही एकमेकांसमोर ठेवून निवड करायची असेल तर इन्सिआडला जानेवारी २०२८ साठी अर्ज करावा. ती मुदत अमेरिकेचे निकाल कळल्यानंतरही शिल्लक असते. रॉस किंवा एलजीओ सवलतीसह मिळाले तर तो अर्ज भरायचाच नाही. नाही मिळाले तर मधल्या महिन्यांत पगार चालू राहतो आणि फ्रेंचच्या वर्गाला निदान बी१ पर्यंत वेळ मिळतो. पुण्यात अलियाँस फ्राँसेझ आहे, शनिवार-रविवारचे वर्ग असतात.